किरकोळ कारणावरून



निडो तानियाची हकीकत मी पुन्हा सांगत बसत नाही. २९ जानेवारी २०१४, दिल्लीचं लाजपतनगर, अरुणाचलचा विद्यार्थी, केसांवरून टिंगल, मारहाण, दुसऱ्या दिवशी मृत्यू. आपण ते वाचलेलं आहे. मला बोलायचंय ते पोलीस डायरीतल्या तीन शब्दांबद्दल. ‘किरकोळ कारणावरून भांडण.’ वांशिक हिंसेत सरकार कुणाच्या बाजूने उभं आहे हे मी पोलीस ठाण्याच्या डायरीवरून ओळखतो. गेली कित्येक वर्षं मी हेच सांगत आलोय.

ऑगस्ट २०१२ आठवा. आसामात कोक्राझार पेटलं होतं, घाबरून परतणाऱ्या ईशान्येकडच्या लोकांसाठी बंगळुरूहून गुवाहाटीकडे जादा गाड्या सुटत होत्या, हल्ल्यांच्या अफवा थांबवायला केंद्राने एकगठ्ठा एसएमएसवर बंदी घातली होती. पुण्यातही ईशान्येकडच्या मुलांवर हात पडला. आमच्या वरच्या खोलीत मणिपूरचा एक मुलगा भाड्याने राहायचा. मला काका म्हणायचा. एका रात्री ओठ फुटलेला, शर्ट फाटलेला असा दारात उभा. मी त्याला घेऊन ठाण्यात गेलो. पहिला प्रश्न आला, “पासपोर्ट आहे का?”

(सभागृहात हशा)

हसू नका, कृपा करून. तो मुलगा हसला नव्हता. त्याने खिशातून मतदार ओळखपत्र काढलं आणि दोन्ही हातांनी टेबलावर ठेवलं. मारणाऱ्यांनी त्याला काय म्हटलं, ते त्याने मोडक्या हिंदीत तीनदा सांगितलं. तो शब्द चेहऱ्यावरून होता, डोळ्यांवरून होता. आणि कागदावर काय उतरलं? ‘किरकोळ कारणावरून बाचाबाची होऊन अज्ञात इसमांनी हाताबुक्क्यांनी मारहाण केली.’ मी म्हटलं, तो शब्द लिहा. उत्तर मिळालं, “साहेब, शिव्या कशाला लिहायच्या?” अदखलपात्र नोंद, म्हणजे एनसी झाली. मी त्याला सही करू दिली, आणि ते मला आजही सलतं. तिसऱ्या दिवशी त्याने खोलीची किल्ली आणि उरलेले तांदूळ माझ्या पत्नीच्या हाती दिले आणि हावड्याची गाडी धरली. पुन्हा आला नाही.

मागून कोणी म्हणतंय, ‘पुणं तसं नाही.’ मीही पुणेकरच आहे. म्हणून तर इथे उभा राहून बोलतोय.

आता लंडन, कारण तिथेही प्रश्न नोंदीचाच होता. २२ एप्रिल १९९३ ला बसथांब्यावर स्टीफन लॉरेन्स या अठरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला भोसकून मारलं. मारेकऱ्यांनी रंगावरून शिवी दिली होती. सोबतच्या मित्राने ती ऐकली, पण पोलिसांनी त्याच्याकडेच संशयाने पाहिलं. खून निव्वळ वर्णद्वेषातून झाला हे काही अधिकारी पुढे झालेल्या चौकशीतही मान्य करीनात. त्या चौकशीच्या १९९९ च्या मॅकफर्सन अहवालाने ७० शिफारशी केल्या. माझ्या लेखी त्यातली बारावी सर्वांत मोठी: पीडिताला किंवा दुसऱ्या कोणालाही घटना वर्णद्वेषी वाटली, तर ती वर्णद्वेषी घटना धरायची. सिद्ध होणं पुढची गोष्ट, नोंद आधी. दोघांना शिक्षा व्हायला २०१२ उजाडलं, हेही खरं.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरली आहेत. 

आपल्याकडे निडोच्या मृत्यूनंतर केंद्राने बेझबरुआ समिती नेमली. जुलै २०१४ मध्ये अहवाल आला. दिल्ली पोलिसांचा खास कक्ष आणि १०९३ हा मदत क्रमांक सुरू झाला, ते चांगलं झालं. पण समितीने दंडसंहितेत १५३-क आणि ५०९-अ अशी दोन नवी कलमं मागितली होती. वंशावरून अपमान हाच गुन्हा ठरावा म्हणून. ती आली नाहीत. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात वंश, जन्मस्थान, भाषा हे शब्द झुंडीच्या हिंसेसाठी आले, पण कधी? पाच किंवा अधिक जणांनी मिळून खून केला किंवा जबर दुखापत केली तर. चौघांनी मारलं तर? एकाने रोज जिन्यात अडवून हिणवलं तर?

वेळ संपला. आपल्यापैकी ज्यांच्या घरात ईशान्येकडची मुलं भाड्याने राहतात, त्यांना हात जोडून सांगतो. वेळ आली तर त्यांच्याबरोबर ठाण्यात जा. एफआयआर वाचून दाखवायला सांगा, तो हक्क आहे, प्रत मोफत मिळते. आणि तो शब्द कागदावर आल्याशिवाय त्यांना सही करू देऊ नका.