पानाचा हिरवेपणा कोठून येतो?

नवरात्रांत घटाभोंवतीं उगवलेलें धान्य आपण सर्वांनीं पाहिलें आहे. देवघरांतल्या अंधारांत तें लांब, नाजूक आणि पिवळें वाढतें. दसऱ्याला तो तुरा आपण कौतुकानें टोपींत खोवतों. तेंच रोप उन्हांत ठेवलें, तर कांहीं तासांतच हिरवें होऊं लागतें. बीज तेंच, जनुकेंहि तींच. मग बदललें तें काय?

पानाच्या पेशींत हरितलवक नांवाचे सूक्ष्म कण असतात. सूर्यप्रकाशाच्या साहाय्यानें साखर तयार होते ती तेथेंच. या कणांजवळ स्वतःचीं शंभराच्या आसपास जनुकें आहेत. पण त्यांना लागणारीं प्रथिनें हजारोंनीं मोजावीं लागतात, आणि त्यांपैकीं बहुतेकांचीं जनुकें पेशीच्या केंद्रकांत असतात. वाड्यांत वेगळी चूल मांडलेल्या धाकट्या भावाप्रमाणें ही स्थिति आहे: भांडीं चार स्वतःचीं, शिधा मात्र थोरल्या घरांतून. हवेंतील कर्बवायु बांधून घेणारें रुबिस्को हें प्रथिन घ्या. त्याच्या मोठ्या भागाचें जनुक हरितलवकांत, तर लहान भागाचें केंद्रकांत. दोन्ही भाग बरोबरीनें तयार व्हावयास हवेत, आणि हा मेळ घालण्याच्या कामीं प्रकाशाच्या जोडीला वनस्पतींचीं संप्रेरकें असतात.

अंधारांत जिबरेलिन रोपाला उंच करतें आणि हिरवेपणाचीं जनुकें दाबून ठेवतें. घटांतल्या रोपाचा पिवळेपणा बराचसा याच कारभाराचा. उलट, सायटोकायनिन हीं जनुकें जागीं करतें. त्यांपैकीं कायनेटिन हें १९५५ सालीं विस्कॉन्सिन विद्यापीठांत स्कूग व मिलर यांना सांपडलें, तेंहि हेरिंग माशाच्या डीएनएपासून! तोडलेलें पान त्याच्या द्रावणांत अधिक काळ हिरवें राहतें, असें १९५७ त रिचमंड आणि लँग यांनीं दाखविलें. पाणी तुटलें म्हणजे अ‍ॅब्सिसिक आम्ल वाढतें. त्यानें हरितलवकांतील जनुकांचें काम मंदावतें, हें सातूच्या पानांवर दिसून आलें आहे.

आमच्या मारेगांवाकडे काळ्या जमिनींत कपाशी होते. बोंडें भरूं लागलीं कीं कधीं पानें तांबडीं पडतात. शेतकरी त्यास 'लाल्या' म्हणतात. नत्र व मॅग्नेशियम यांची उणीव, रात्रींचा गारठा, मुळाशीं सांचलेलें पाणी अशीं त्याचीं अनेक कारणें आहेत. सायटोकायनिन बरेंचसें मुळांत तयार होऊन वर चढतें. मुळें गुदमरलीं कीं हा निरोप पानापर्यंत पोहोंचत नाहीं.

यावरून दुकानांतील 'टॉनिक'च्या रंगीत बाटल्यांवर विश्वास टाकण्याचा मोह होतो, आणि उसनवारीचे पैसे त्यांत जातात. परंतु संप्रेरक हा निरोप आहे, अन्न नव्हे. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मध्यभागीं मॅग्नेशियमचा एक अणु असतो. तोच नसेल तर निरोप वाचून पानानें करावें काय?

म्हणून कोणी विचारावयास आला, कीं मी त्याला प्रथम एक झाड उपटून आणावयास सांगतों. मुळें काळवंडून कुजलेलीं असलीं, तर चर काढून पाण्याला वाट द्यावी. मुळें धड आहेत, पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग तांबडा आहे, असें दिसलें, तर मॅग्नेशियम सल्फेटाची फवारणी उपयोगीं पडते.