हिमाखालील शोध आणि वेळेचे मोल



दि. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचेन हिमनदीवरील सोनम चौकीवर हिमाची प्रचंड भिंत कोसळली. समुद्रसपाटीपासून सुमारे १९,६०० फूट उंचीवर दहा जवान गाडले गेले. त्यांत सातारा जिल्ह्याचाही एक सुपुत्र होता.

विरळ हवेला शरीर सरावल्यावाचून एवढ्या उंचीवर कष्टाचे काम करता येत नाही. म्हणून अशा शोधास सपाटीवरची माणसे ऐनवेळी धाडून भागत नाही. सरावलेले जवान, माग काढणारे श्वान आणि बर्फ कापणारी यंत्रे यांच्या साहाय्याने दगडासारखे कठीण झालेले हिम फोडण्यात आले. सहाव्या दिवशी सुमारे पंचवीस फूट खोलीवर लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद जिवंत सापडले. ११ फेब्रुवारीस दिल्लीत त्यांची प्राणज्योत मालवली. उरलेल्या नऊही जणांचे देह पथकाने शोधून काढले.

सहा दिवस तग धरणे हा विरळा अपवाद होय. गाडलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर बहुधा वाचतो; पुढे श्वास कोंडून आशा झपाट्याने मावळते. पथक दुरून येईतो ती घटका टळलेली असते. तेव्हा पहिला त्राता म्हणजे बरोबरचा सोबतीच. प्रत्येकाजवळ ठावठिकाणा कळविणारे लहानसे यंत्र, शोधकाठी व फावडे हवे. ती वापरण्याचा सरावही हवा.

हिमालयात मोहिमा नेणाऱ्या आपल्या गावच्या मंडळांना शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी निघण्यापूर्वी एवढेच विचारावे : साधने किती आहेत, आणि ती किती जणांना हाताळता येतात?