घरांतील वीज आणि घरांतील माणसें

(महोत्सवानिमित्त झालेलें भाषण)



सन २०२१ च्या मे महिन्यांत तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यावरून गेलें, तेव्हां मालवण तालुक्यांतील कित्येक गांवें दिवसचे दिवस अंधारांत होतीं, हें येथें कोणास सांगावयास नको. अरबी समुद्राचें पाणी तापत आहे व तापलेल्या पाण्यावर वादळें बळावतात, असें शास्त्रज्ञ सांगतात. महाराष्ट्राची बहुतांश वीज आजही दगडी कोळसा जाळूनच निघते. म्हणजे ओटीवर विनाकारण जळणारा दिवा आणि कौलें उडविणारें तें वादळ यांचें नातें दूरचें असलें, तरी नातें आहे.

हें व्यासपीठावरून सांगणें सोपें. आपल्याच घरांत पटविणें कठीण. रोज उठून 'पंखा बंद करा, बत्ती बंद करा' म्हणणाऱ्या माणसाचा घराला कंटाळा येतो, आणि त्याची पाठ फिरली कीं पंखा पुन्हां सुरू होतो. आमचें मत असें कीं, ज्याला त्याला त्याच्या भाषेंत सांगावें. आजीला तर उपदेश करूंच नये; तिला विचारावें. रॉकेलच्या चिमणीवर संसार केलेल्या बाईला काटकसर आपण काय शिकविणार? काळे वाटाणे रात्रीं भिजत घालावे, भांड्यावर झांकण ठेवावें, भात शिजत आला कीं जाळ काढून वाफेवर मुरूं द्यावा, हें तिचेंच शास्त्र. सूनबाईनें तें तिच्याकडून मागून घ्यावें. दोघींचाही मान राहतो.

मे महिन्यांत मुंबईहून येणाऱ्या मुलाला मात्र आंकडे द्यावे. जुना ७५ वॉटचा पंखा रोज १० तास फिरला, तर महिन्यास २२ युनिटांहून अधिक खातो. नव्या जातीचा ३० वॉटचा पंखा तेंच काम ९ युनिटांत करतो. वातानुकूल यंत्र २४ अंशांवर ठेवावें. वाढविलेल्या दर अंशामागें सुमारें ६ टक्के वीज वांचते, असें केंद्र सरकारचा ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो. मीटर वाचण्याचें काम लहान मुलांकडे सोंपवावें. त्यांच्यासारखा कडक हिशेबनीस नाहीं, आणि नातवानें टोकलें तर आजोबा रागावत नाहींत.

नाताळचा तारा लावूं नका, असें आम्ही म्हणणार नाहीं. आजकालच्या माळा फारच थोडी वीज घेतात. खरा खर्च पंख्याचा, फ्रीजचा आणि आंघोळीच्या पाण्याचा. तरी मध्यरात्रीच्या मिस्सेहून परतल्यावर तारा मालविला, तर कोणाचें कांहीं जात नाहीं. दिवंगत परमगुरुस्वामी फ्रान्सिस यांनीं २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकांत अनावश्यक दिवे मालविण्यासारख्या लहान गोष्टीही आवर्जून सांगितल्या आहेत.

ज्यांच्या गोठ्यांत गुरें आहेत, त्यांनीं कुडाळ तालुक्यांतील झारापच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानाचें गोबरवायूचें काम एकदां पाहून यावें. जातांना घरांत जी चुलीपुढें बसते तिला बरोबर न्यावें. धूर तिनें सोसला आहे, तेव्हां पसंतीही तिचीच असावी.