गिरमिट लावण्यापूर्वीं

बर्फावरून घसरत जाण्यासाठीं पायांस बांधावयाच्या लांब फळ्यांस स्की म्हणतात. बूट फळीशीं जखडणारा बंध घट्ट असला म्हणजे काय साधतें, हें नॉर्वेच्या सोंद्रे नोर्हाइमनें १८६८ सालीं ख्रिस्तियानियाच्या, म्हणजे आजच्या ओस्लोच्या, स्पर्धेंत दाखविलें. परंतु घट्टपणाइतकीच बंधाची जागाही महत्त्वाची आहे.

सपाट मुलखांतील जुनी रीत सोपी आहे. फळी बोटावर तोलावी आणि समतोल साधेल तेथें बुटाचा चवडा अडकवावा. मग पाऊल उचलतांना टोंक किंवा शेपूट लोंबत नाहीं. उताराच्या फळीवर बहुधा कारखानदाराची खूण असते. बुटाच्या मध्यावरील रेघ तिच्याशीं जुळवावयाची. बंध खुणेच्या पुढें सरकविला तर वळणें सुलभ होतात, पण भुसभुशीत बर्फांत टोंक बुडूं लागतें. मागें नेला तर टोंक तरंगतें, पण वळण जड जातें.

एकदां पाडलेलें भोंक मात्र मागें घेतां येत नाहीं. त्याला लागून दुसरें पाडल्यास फळी दुर्बळ होते, आणि स्क्रू उपटून निघाला तर तो ऐन उतारावर निघतो. म्हणून जाणता कारागीर बूट ठेवून दोनदां मोजतो आणि मगच गिरमिट हातीं घेतो.