कामगारांची मुले आणि बॅले



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला बोलावले तेव्हा आम्ही कामगार कायद्यावर बोलू, अशी त्यांची अपेक्षा असावी. तो विषय आम्ही बारा महिने बोलतोच. आज आम्ही एका सहलीची हकीकत सांगणार आहोत. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत उर्से गावातली ४६ मुले घेऊन आम्ही पुण्याला बॅले पाहायला गेलो. आपल्याला हसू येत असेल. आमची कार्यकारिणीही हसली होती.

उर्से आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे ते द्रुतगती मार्गावरच्या टोलनाक्यामुळे. पण नाक्याच्या पलीकडे गाव आहे, भातखाचरे आहेत, कारखाने आहेत आणि एकेका भाड्याच्या खोलीत राहणारी कामगार कुटुंबे आहेत. सुट्टी लागली की ज्यांना आजोळ आहे ती मुले आजोळी जातात. बाकीच्यांचे आईबाप पाळीला गेले की मुले खोलीला कुलूप लावतात, किल्ली गळ्यात अडकवतात आणि दिवसभर हिंडतात.

कार्यकारिणीत दोन हरकती निघाल्या. पहिली अशी की, बॅले म्हणजे राजेरजवाड्यांचे थेर, कामगाराच्या पोरांना त्याचे काय? ही हरकत अगदीच खोटी नव्हे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६६१ साली नृत्याची अकादमी काढली, आणि हा राजा स्वतः दरबारात नाचत असे. पण आपल्याकडे बॅले कोणत्या वाटेने आला तेही पाहावे. १९४३ साली मुंबईत ‘इप्टा’ ही जननाट्य संघटना निघाली. बंगालच्या दुष्काळाचे ते साल. तिच्या नृत्यपथकाने अंधेरीत एकत्र राहून, एकत्र जेवून नृत्यनाट्ये बसविली आणि दुष्काळग्रस्तांसाठी पैसा जमविला. अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांनी गिरणगाव जागा केला, तोही याच चळवळीत. त्या पथकाचे नृत्य बसविणारे शांती बर्धन उदयशंकरांच्या हाताखाली तयार झालेले. त्यांनी १९५२ साली मुंबईत ‘लिटल बॅले ट्रूप’ उभी केली आणि नर्तकांना कळसूत्री बाहुल्यांसारखे हलवून रामायण दाखविले. १९५४ मध्ये ते वारले. आता अलीकडचे. नवी मुंबईतल्या एका वेल्डरचा मुलगा, अमिरुद्दीन शहा, २०१७ साली लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये शिकायला गेला. आमच्या कार्यकारिणीत एक वेल्डर आहेत. एवढा वेळ तेच मोठ्याने हसत होते. हे ऐकल्यावर त्यांनी मुलीचे नाव यादीत घालायला सांगितले.

दुसरी हरकत मात्र खरी अवघड होती. वर्गणी कायम कामगारांची. मग कंत्राटदाराच्या मस्टरवरच्या लोकांची मुले तिच्यावर का न्यावीत? खरे सांगतो, आमच्याकडे याला चटकन उत्तर नव्हते. कंत्राटी माणसाला संघटनेत घ्यावे की नाही, यावर आम्ही स्वतः कित्येक वर्षे चुकीच्या बाजूने बोललो आहोत. मते कायम कामगारांची असतात, हे त्याचे कारण. शेवटी तोडगा निघाला तो असा की, कंत्राटी कामगारांच्या मुलांचे पैसे कार्यकारिणीने पदरचे घालावेत. तोडगा कसला, ती पळवाट होती. पण त्या वाटेने अकरा मुले बसमध्ये चढली.

बसमध्ये आम्ही भाषण केले. भाषणाची सवय वाईट. प्रयोग पंचतंत्रातल्या गोष्टींचा होता, आणि पारध्याच्या जाळ्यासकट उडून जाणाऱ्या कबुतरांची गोष्ट त्यात होती. संघटनेची याहून जुनी गोष्ट आम्हाला तरी माहीत नाही. ती आम्ही सोमाटणे फाट्यापासून निगडीपर्यंत समजावून सांगितली. मुले खिडकीबाहेर पाहत होती.

दिवे गेले, पडदा उघडला आणि मुले गप्प झाली. चौदा नर्तक जाळे खांद्यावर घेऊन उसळले तेव्हा पायांचा धप्प आवाज पहिल्या रांगांत छातीवर बसत होता. आम्हाला नृत्याचे शास्त्र कळत नाही. तरी सगळ्यांची पावले एकाच क्षणी पडायला किती महिने लागले असतील, हे यंत्रावर काम केलेल्या माणसाला कळते. शेजारी नऊ वर्षांची एक मुलगी होती, अकरांपैकीच. आम्ही हळूच विचारले, “कळली का गोष्ट?” ती म्हणाली, “काका, त्या कडेच्या ताईच्या गुडघ्याला पट्टी आहे. तिचं पोट बघा कसं वरखाली होतंय. ती दमलीये.”

आमची एकजूट तिथेच राहिली. मुलीने माणूस पाहिला होता.

प्रयोगानंतर मुलांना आत नेले. त्या मुलीने पट्टीवाल्या ताईंना थेट विचारले, “तुम्हाला पगार किती?” आम्ही ओशाळलो. ताई हसल्या. म्हणाल्या, “पगार नाही गं, नाइट मिळते. प्रयोग झाला तर पैसे. सकाळी मी क्लास घेते.” “आणि पाय दुखला तर?” “तर नाइट नाही.” मुलगी जरा थांबून म्हणाली, “म्हणजे पप्पांसारखंच.” त्या खोलीत आम्ही तीन पदाधिकारी उभे होतो. एकालाही बोलायला सुचले नाही.

परतताना बसमध्ये तिचा पुढचा प्रश्न आला: नाचणारी माणसे म्हातारी झाली की काय करतात? तेव्हा आम्ही तिला पॅरिसची गोष्ट सांगितली. तिथल्या ऑपेराच्या नर्तकांना पेन्शन आहे. त्या योजनेची सुरुवात १६९८ सालची, त्याच चौदाव्या लुईच्या काळातली. शरीर लवकर थकते म्हणून बेचाळिसाव्या वर्षी निवृत्त होण्याची त्यांना सवलत होती. सरकारने ती काढायला घेतली तेव्हा नर्तक संपावर गेले, आणि २४ डिसेंबर २०१९ रोजी भर थंडीत ऑपेराच्या पायऱ्यांवर ‘हंससरोवर’ या बॅलेतला एक भाग त्यांनी रस्त्यावरच्या लोकांसाठी नाचून दाखविला. या वेळी मुले खिडकीबाहेर पाहत नव्हती. “मग जिंकले का?” असे दोघातिघांनी विचारले. वाद पुढे बरीच वर्षे चालला, एवढेच आम्ही सांगितले. देहूरोडपर्यंत निम्मी मुले झोपली.

त्या मुलीचे वडील आठवड्याने आमच्याकडे आले. पोरीने घरी रोज विचारून भंडावले आहे, म्हणाले. त्यांना सभासद करून घेण्याचा ठराव कार्यकारिणीत दोन मतांनी पडला. तो आम्ही जूनमध्ये पुन्हा मांडणार आहोत.

येत्या मे महिन्यात दुसरी सहल आहे. या खेपेच्या यादीत कायम की कंत्राटी हा रकाना आम्ही ठेवलेला नाही. बसमध्ये जागा पन्नास आहेत, आणि नावे एकाहत्तर आली आहेत. आपल्यापैकी कोणाच्या ओळखीत दुसरी बस असेल तर व्याख्यान संपल्यावर आम्हाला दाराशी भेटावे.