बालकाची वेदना आणि अफूची मात्रा

तान्ह्या मुलास अफूची बाळगोळी चाटवून निजवावयाचे आणि आईने शेतावर किंवा गिरणीत कामास जावयाचे, ही चाल एके काळी आपल्या देशात फार होती. १८९३ साली नेमलेल्या अफू-आयोगापुढील साक्षींतही तिचा उल्लेख आहे. मूल रडेनासे झाले म्हणजे ते सुखी झाले, असा त्यामागील समज. परंतु जी अफू रडे थांबविते, तीच मात्रा अधिक झाल्यास श्वासही थांबविते.

हाच प्रश्न आज शस्त्रक्रियागृहात निराळ्या रूपाने उभा आहे. बार्शीटाकळीच्या एखाद्या कास्तकाराच्या मुलास अंतर्गळ झाला व त्यास शस्त्रक्रियेसाठी अकोल्यास नेण्याचे ठरले, म्हणजे बापास कापाकापीपेक्षा भुलीचीच धास्ती अधिक वाटते. ही धास्ती अगदीच निराधार नव्हे. अफूपासून काढलेले मॉर्फीन आणि १९६० च्या सुमारास पॉल यान्सेन यांनी तयार केलेले त्याच जातीचे फेंटानिल, ही दोन्ही औषधे वेदनेवर रामबाण आहेत. परंतु त्यांनी श्वास मंदावतो, उलट्या होतात, मलावरोध होतो व गुंगी लांबते. टॉन्सिल वाढल्यामुळे रात्री घोरणाऱ्या व झोपेत श्वास अडखळणाऱ्या मुलास तर त्यांचा धोका विशेषच. कोडीन हे याच वर्गातील औषध सौम्य समजले जाई. परंतु काही मुलांच्या शरीरात त्याचे मॉर्फीन फार वेगाने बनते. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर अशी काही मुले दगावल्यावर अमेरिकेच्या औषध-नियंत्रकांनी २०१३ मध्ये कडक इशारा दिला आणि २०१७ मध्ये १२ वर्षांखालील मुलांस कोडीन वर्ज्य ठरविले.

म्हणून औषधच देऊ नये काय? तसे म्हणणे म्हणजे दुसऱ्या टोकास जाणे होय. नवजात अर्भकास वेदना कळत नाही, या समजुतीने कित्येक ठिकाणी त्याच्यावर पुरेशा भुलीवाचून शस्त्रक्रिया होत असत. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. कंवलजीत आनंद यांनी ऑक्सफर्ड येथे संशोधन करून १९८७ मध्ये दाखवून दिले की, अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांस फेंटानिल दिले असता शस्त्रक्रियेचा शरीरावरील ताण व नंतरचे उपद्रव कमी होतात. तात्पर्य, कमी करावयाची ती अफूची मात्रा. वेदनेची काळजी नव्हे.

हे साधते कसे? मूल भुलीने झोपल्यावर माकडहाडाच्या किंचित वर सुई घालून बधिर करणारे औषध मज्जातंतूंच्या मुळांशी सोडतात. पाटास बांध घातला म्हणजे पुढील वाफ्यात पाणी जात नाही. त्याप्रमाणे वेदनेची वार्ता काही तास मेंदूपर्यंत पोहोचतच नाही. मेरेडिथ कॅम्बेल यांनी ही रीत मुलांच्या बाबतीत १९३३ मध्येच वर्णिली होती. अंतर्गळासारख्या कमरेखालील शस्त्रक्रियांत तिचा उत्तम उपयोग होतो. तिच्या जोडीस मुलाच्या वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल वेळच्या वेळी दिले, म्हणजे अफूवर्गीय औषध थोडे लागते, किंवा मुळीच लागत नाही.

तथापि मोठ्या शस्त्रक्रियेत अथवा भाजलेल्या मुलाच्या बाबतीत मॉर्फीनवाचून गत्यंतर नसते. आपल्याच देशात मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश येथे परवान्याने अफू पिकते. परंतु १९८५ च्या कडक कायद्यामुळे ती रुग्णाच्या उशाशी पोहोचणे दुरापास्त झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने परवान्याची वाट काहीशी सुकर केली.

आईबापांनी करण्याजोगे पुष्कळ आहे. मूल घोरते काय, पूर्वी कोणते औषध बाधले, शेवटचे केव्हा खाल्ले, हे भूलतज्ज्ञास न लपविता सांगावे आणि वेदनेची व्यवस्था कशी करणार, हे निःसंकोच विचारावे. घरी आल्यावर कपाटातील उरलेले खोकल्याचे औषध किंवा शेजाऱ्याची गोळी देऊ नये. मूल गप्प आहे एवढ्यावरून त्यास दुखत नाही असे मानू नये. कपाळावरील आठ्या, पोटाशी घेतलेले पाय व दुधाकडे फिरविलेले तोंड यांकडे पाहावे. आणि मूल उठविले तरी नीट जागे होत नसेल, किंवा त्याचा श्वास मंद वाटत असेल, तर सकाळची वाट न पाहता त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे.