एका नॉर्वेजियन ध्वनिमुद्रिकेचा समुद्रप्रवास



आजच्या भाषणाचा विषय ऐकून कुणी म्हणेल, नॉर्वे कुठे आणि आपण कुठे! तिथल्या रॉक संगीताशी आपल्याला काय करायचे आहे? शंका रास्त आहे. पण एक प्रश्न आपल्याकडेही नेहमी निघतो. निरनिराळ्या वळणांचे संगीत एकत्र आणले, तर त्याची नुसती खिचडी होते, की त्यातून खरोखर काही नवे उभे राहते? या प्रश्नाचे एक चांगले उत्तर नॉर्वेतील एका ध्वनिमुद्रिकेत सापडते, म्हणून आज तिची ओळख करून देतो.

नॉर्वेच्या मध्यभागी, निडेल्वा नदी जिथे समुद्राच्या खाडीला मिळते, तिथे ट्रॉनहाइम नावाचे जुने शहर आहे. या शहरात १९८९ साली ‘मोटरसायको’ नावाचा एक वाद्यमेळ निघाला. बेंट सेटर बास गिटार वाजवतो आणि गातो. हान्स मॅग्नुस रायन गिटार वाजवतो आणि तोही गातो. हे दोघे आधारस्तंभ. ढोल वाजवणारे मात्र वेळोवेळी बदलत गेले. याच शहरात १९७९ साली जॅझ संगीताचा स्वतंत्र शिक्षणक्रम सुरू झाला होता. तिथे जॅझचा मोठा वाद्यवृंद आहे, आणि ‘ट्रॉनहाइम सोलोइस्ट’ हा गजाने वाजवायच्या तंतुवाद्यांचा नामांकित संचही आहे. एका गावात तीन वळणांचे वादक! कधीतरी ते एकत्र यायचेच.

तो योग २०१० साली आला. नॉर्वेतच मोल्डे नावाचे गाव आहे. तिथे १९६१ पासून दरवर्षी जॅझचा उत्सव भरतो. २०१० च्या उत्सवासाठी मोटरसायकोने स्टोले स्टोरलोकन या पेटीवादकाबरोबर एक मोठी रचना बांधली. पेटी म्हणजे आपली भजनातली नव्हे बरं का, तर विजेवर चालणारी ऑर्गनसारखी वाद्ये. पुढे या रचनेची ध्वनिमुद्रिका २०१२ साली प्रसिद्ध झाली. तिचे नाव ‘द डेथ डिफाइंग युनिकॉर्न’, म्हणजे मृत्यूला न जुमानणारा एकशिंगी घोडा. तिच्यात मोटरसायकोचे तिघे, स्टोरलोकन, जॅझचा वाद्यवृंद, तंतुवाद्यांचा संच आणि ओला क्वेर्नबर्ग हा व्हायोलिनवादक असे सारे आहेत. तबकड्या दोन, भाग तेरा, आणि एकूण वेळ सव्वा तासाहून अधिक.

या संगीताला ‘सायकेडेलिक रॉक’ म्हणतात. ‘सायकेडेलिक’ हा शब्द ग्रीक भाषेवरून १९५० नंतरच्या दशकात घडवला गेला. मनातले उघड करणारे, असा त्याचा अर्थ. पुढच्या दशकात हा शब्द नशेच्या पदार्थांशी जोडला गेला, हे लपवण्याचे कारण नाही. पण संगीत ऐकायला त्यांची गरज मुळीच नाही. लांबलचक वादन, एकाच सुराभोवती घोळत राहणे, आणि त्यातून ऐकणाऱ्याला स्वप्नात असल्यासारखे वाटणे, ही या संगीताची लक्षणे. आता गंमत पाहा. १९६५ साली इंग्लंडच्या बीटल्सनी ‘नॉर्वेजियन वुड’ या गाण्यात सतार वाजवली, आणि १९६६ साली त्यांच्यातला जॉर्ज हॅरिसन पंडित रविशंकरांकडे सतार शिकायला मुंबईला आला. पाश्चात्य रॉकमध्ये धीम्या, लांब वादनाची आवड रुजली, तिला जॅझबरोबर आपल्या रागसंगीताचेही पाणी मिळालेले आहे. तेव्हा हा विषय आपल्याला अगदीच परका नाही.

आता मूळ रचनेकडे वळू. ही एका समुद्रप्रवासाची कल्पित कथा आहे. गाण्यांचे शब्द इंग्रजी आहेत, पण ते समजले नाहीत तरी अडत नाही. भागांची नावेच प्रवासाचा नकाशा दाखवतात. पहिला भाग रानातून बाहेर पडण्याचा. मग गिटार आणि ढोल जोराने सुरू होतात, आणि गलबत बंदर सोडून निघाल्यासारखे वाटते. तिसरा भाग पंधरा मिनिटांच्या आसपास चालतो. त्यात पितळी वाद्ये आणि सॅक्सोफोन अशी काही उसळी घेतात, की वादळच अंगावर आले म्हणावे.

आणि एकदम वारा पडतो.

चौथ्या भागाचे नाव ‘डोल्ड्रम्स’. शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, हा शब्द तुमच्या भूगोलातला आहे. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना जो शांत पट्टा आपण मुलांना शिकवतो, तोच हा. उन्हाने तापलेली हवा तिथे सरळ वर चढते, त्यामुळे आडवा वारा फारसा वाहत नाही. शिडाची जहाजे या पट्ट्यात दिवसेंदिवस अडकून पडत. प्यायचे पाणी संपत येई, माणसे चिडचिडी होत. संगीतातही तसेच होते. गिटारीचा जोर ओसरतो, ताल हरवतो, आणि लांबवलेले, तरंगते, थोडे भेसूर स्वर तेवढे उरतात. काही घडतच नाही!

नव्या ऐकणाऱ्याचा धीर सुटतो तो इथेच. मोबाइलवर बोट फिरवले, की पुढचे गाणे हजर. पण माझे म्हणणे असे, की या रचनेचा प्राण याच जागी आहे. कारण पुढचा भाग भोवऱ्याचा आहे. तो हलक्या आवाजात सुरू होतो, आवर्तनामागून आवर्तन चढत जातो, आणि शेवटी सारा वाद्यमेळ गरगरू लागतो. ज्याने आधीची निश्चल शांतता सोसली, त्यालाच त्या भोवऱ्याचे भय वाटते. ज्याने ती वगळली, त्याला नुसता गोंगाट ऐकू येतो. त्यानंतरचा लहानसा भाग फुटक्या जहाजाच्या तरंगत्या लाकडांचा, आणि पहिली तबकडी तिथे संपते.

दुसऱ्या तबकडीत प्रार्थना आहे, विस्मृतीच्या नदीचे नाव घेतलेला एक भाग आहे, शोक आहे, शार्क मासे आहेत, खलाशांचे बंड आहे, आणि शेवटी गूढात शिरणे आहे.

तर मग, ही खिचडी आहे का? एक साधी परीक्षा सांगतो. मिश्रणातला एक पदार्थ मनातल्या मनात काढून पाहावा. गिटार-ढोल काढले, तर जहाजाची लाकडेच निखळतात. जॅझची पितळी वाद्ये काढली, तर वादळ उरत नाही. तंतुवाद्ये काढली, तर खालचा समुद्रच आटतो. प्रत्येकाला कथेत नेमून दिलेले काम आहे, म्हणून मिश्रण टिकते. दोष नाहीत असे नव्हे. काही ठिकाणी सगळे एकदम वाजवू लागतात, तेव्हा कान भरून जातात आणि शब्द बुडतात. पण मुळात ज्याचे काम ठरलेले नाही, असा वादक त्यात दिसत नाही. शाळेत कार्यक्रम बसवताना लेझीम, समूहगान आणि नाटक एकत्र करायचे असेल, तर हीच कसोटी लावून पाहावी.

शिक्षकांसाठी एक सूचना. चौथा आणि पाचवा भाग वर्गात लागोपाठ ऐकवा. नावे सांगू नका. मुलांना डोळे मिटू द्या, आणि मग काय दिसले ते लिहायला किंवा काढायला सांगा. उत्तरे निरनिराळी येतील, आणि येऊ द्यावीत. नंतर मग भूगोलाचे पुस्तक उघडावे. शांत पट्टा त्यांच्या लक्षात राहील.

जाता जाता एक गोष्ट. दुसऱ्या तबकडीतली प्रार्थना आणि शोक हे दोन्ही भाग प्रोटियसला उद्देशून आहेत. हा ग्रीक पुराणातला समुद्राचा म्हातारा देव. त्याला सारे ठाऊक, पण सांगायचे नसते; म्हणून पकडायला गेले की तो सिंह होतो, साप होतो, पाणी होतो, झाड होतो. जो घाबरून हात सोडतो, त्याला काही मिळत नाही. जो धरून राहतो, त्याच्यापुढे तो शेवटी मूळ रूपात येतो आणि खरे बोलतो. ही ध्वनिमुद्रिकाही तशीच घडीघडीला रूप बदलते. अशा संगीताशी गाठ पडली, मग ते नॉर्वेचे असो की आपल्या शेजारच्या गावचे, तर वारा पडला म्हणून हात सोडू नये, एवढेच मला सांगायचे होते.